मिलमागचा आपटा

—नाई नाई, तू बस इथंच, रुचिता, ह्या बॉयलरच्या ओट्यावर, मी पुसला आहे. अन् नुसतं काकू नको म्हणू, पद्मिनीकाकू म्हण, मंडळात साऱ्याच काकू आहेत. तुमचं पहिलंच वर्ष ना? मग तुले माहीत नसंल — दरवर्षी दसऱ्याले आपलं मराठी मंडळ सीमोल्लंघन करते. पहिले चौबे कॉलोनीतून निघायचं, मैदानापर्यंत जायचं, परत यायचं, झालं. आता नवी राजधानी झाली, शहराची शीव कुठं संपते तेच समजत नाही. म्हणून यंदा मीच म्हटलं, जंगलात जाऊ, खजिना शोधू. झाडाझाडाले चिठ्ठ्या लपवायच्या, ग्रुपग्रुपनं वाचत वाचत ह्या जुन्या धानमिलपर्यंत यायचं. ते मागं दिसते ना, चिमणीच्या बाजूले — आपट्याचं झाड. तेच सोनं, तोच खजिना. चिठ्ठ्या? मीच लिहिल्या. दुसरं कोण लिहिणार?

काकांचा ग्रुप? त्याचीच तर वाट पाहून राहिली मी. तुले काय वाटलं, चिमणी पाहून राहिली? तुझे काका ह्याच मिलच्या क्वार्टरमधी वाढले, सासरे बॉयलरवर होते. लग्नानंतर पहिल्या दसऱ्याले मले इथंच आणलं, सायकलवर डबलसीट, अन् ह्याच झाडाचं पान हातात दिलं. तेव्हापासून कोणी आपटा म्हणून कांचनाचं पान आणलं की ह्यायचं डोकंच फिरते — 'हे बकरीले चारा', तोंडावर म्हणतात! सारखीच दिसतात ना पानं, मधी चिरलेली. पण कांचनाचं मोठं, पातळ. आपट्याचं लहान, जाड. बाकीच्यायले फरक कळत नाही, ह्यायले अंधारातबी कळते. कळायचा.

विसरतात म्हणजे — थोडं. थोडं म्हणजे दूध आणायले गेले अन् पार तिकडं जुन्या वस्तीत, ब्राह्मणपाऱ्यात सापडले, मंदिराच्या पायरीवर, पिशवी तशीच रिकामी. कोणीतरी ते अभिनवले कळवलं, माझ्या पोराले. लगेच पुण्याहून आला. घर विकू, दोघंबी माझ्याकडं चला, तिथं लिफ्ट आहे, गेटवर माणूस आहे, बाबा कुठंच जाणार नाहीत. मी म्हटलं हव, कुठंच जाणार नाहीत, त्याचंच तर मले भेव आहे! अशा उंच घरात बसून हा माणूस चार दिवसात संपून जाईल. लय भांडलो आम्ही. शेवटी मीच बोलून बसली — दसऱ्याले तुझे बाबा सगळ्यायच्या पुढं चालून मिलवर येतील, कोणाले न विचारता, अन् बरोबर आपट्याचंच पान तोडतील. तोडलं, तर पुन्हा घर विकायचं नाव काढायचं नाही. चुकले, तर मी मुकाट्यानं सामान बांधीन. पोट्टा म्हणाला, ठीक आहे, पक्का. त्याच ग्रुपात आहे तो, मागं मागं चालून राहिला असंल, पांढरे बूट घालून.

चीटिंग कायची? — बरं, केली थोडी. काल ऑटो करून इथं आली होती. माझी जुनी लाल साडी फाडली अन् वळणावरच्या झाडायले चिंध्या बांधल्या. घरी रोज घोकून घेत होती — लाल दिसलं की तिकडं वळायचं. वाटेत कांचन होता, त्याच्या हाताशी येणाऱ्या फांद्याच छाटून टाकल्या. अशी पाहू नको. अभिनवच्या गावात मले भाजीवाला ओळखत नाही, शेजारीण ओळखत नाही. ह्यायच्यासाठी म्हणते मी सगळं, पण खरं तर मलेच जायचं नाही.

आज सकाळी तर — जाऊ दे. नाही, सांगते. चहा दिला, तर म्हणाले, 'धन्यवाद.' इतक्या वर्षांत ह्या माणसानं मले कधी धन्यवाद म्हटलं नाही! गोड झाला, थंड झाला, हेच ऐकलं. मी हसली. मग किचनमधी जाऊन नुसती उभी राहिली. झोपेत असते ना माणूस सकाळी? झोपेतच असतील.

थांब — आवाज आला. आले! पाह्य ना, सगळ्यात पुढं! चिंधीकडं पाहूनबी नाही राहिले, असे चालले जसं काही शाळेतून घरी येऊन राहिले. मिलमागं गेले — झाडापाशी — तोडलं! हातात धरून चोळून पाहिलं, पाहिलंस? आपटाच तो! अभिनव पाह्य कसा टाळ्या वाजवून राहिला, डोळे पुसून राहिला माझा पोट्टा. राहिलं घर, रुचिता, राहिलं! इकडंच येऊन राहिले ते. सरक जराशी, पदर नीट करू दे.

या ना, या —

...हव. हव, घेते. तुम्हीबी घ्या.

...

ऐकलं ना तू? 'वहिनी, सोनं घ्या,' म्हणाले. अन् ते दुसरं पान खिशात ठेवलं ना — 'हे घरी नेतो,' म्हणाले, 'आमची पद्मिनी वाट पाहून राहिली असंल.'

अभिनव दूर होता. त्यानं काही ऐकलं नाही. तूबी ऐकलं नाही. ऊठ, ते चिवड्याचे डबे उघड, लोकं भुकेले असतील. जा म्हटलं ना.