खाण्याचा शौकीन

आमच्या ताईचं लग्न वाटीभर रश्श्यापायी मोडत होतं की! आमच्या संस्थानाचे महाराज नुकतेच गादीवर आलते, तवाची गोष्ट. स्थळ आणणारा म्हणाला, "पोरगा शौकीन हाय."

आबा तडकले, "तमाशाचा का जुगाराचा?"

"न्हाय वो, खाण्याचा!"

झालं! ताईचा स्वयंपाक आम्हाला ठाऊक. मटणाचा रस्सा गुपचूप शेजारच्या चाँदभाईंकडनं करून आणला. पोरगा बघायला आला, तवा पंगतीत आबा म्हणाले, "समदं पोरीनंच केलंय."

पोरानं एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. "मामा, ह्यो हात उस्तादाचा हाय. पोरीनं काय केलंय?"

 आतनं ताईच बोलली, "भाकरी."

पोरानं तुकडा मोडला, सावकाश चावला.

"करपलीय," म्हणाला, आणि दुसरी मागितली.