गेल्या वर्षीची वीज

आदरणीय अध्यक्ष महोदय, आजच्या प्रमुख पाहुण्या पर्यावरण अधिकारी मॅडम, आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीबाई, व्यासपीठावरील इतर मान्यवर आणि समोर बसलेले माझे सगळे शेजारी,

आज रविवार, दहा मार्च. सकाळी सातला उठलो. चहा केला, एक कप. साडेदहाला सेक्रेटरीबाई स्वतः बोलवायला आल्या. अकराला पुढच्या रांगेत बसलो, नाव पुकारल्यावर उठलो, आणि आता तुमच्यापुढे उभा आहे. एवढं मला नीट सांगता येतं. पुढचं माझं मलाच नीट कळलेलं नाही.

‘पर्यावरणस्नेही घर’ हा सन्मान तुम्ही मला दिलात. आभार शेवटी मानायचे असतात असं मला सांगितलंय, म्हणून शेवटी मानतो. मी नोकरीभर नकाशे काढण्याच्या कचेरीत होतो. तिथे बोलावं लागत नसे. पेन्सिलीला टोक असलं की भागायचं.

परवा सेक्रेटरीबाई म्हणाल्या, “काका, पाचच मिनिटं बोला. घरात काय काय बदल केलेत ते सांगा. लोकांना उपयोग होईल.”

मी म्हटलं, “मी काहीच बदल केला नाही हो.”

“हाच तर तुमचा मोठेपणा!”



घरी बसून यादी करायचा प्रयत्न केला. ओला कचरा वेगळा? तो आमच्याकडे वीस वर्षं वेगळाच आहे, आणि ते काम हिचं. भाजी धुतलेलं पाणी कुंड्यांना? तेही हिचं. गॅलरीतला खताचा डबा तर हिचाच. खालच्या मजल्यावरच्या वहिनींना आठवत असेल. वास येतो म्हणून तुम्ही तणतणत वर आला होतात, आणि ही तुम्हालाच डब्यात वाकायला सांगत होती. “घ्या ना वास, चांगला घ्या! मातीचा येतो की नाही?” वहिनी, आज हसताय, त्या दिवशी नव्हता हसत. जाताना खताची पिशवी घेऊन गेलात, ती गोष्ट वेगळी.

ही म्हणजे माझी बायको. तिला जाऊन चौदा महिने झाले. बहुतेकांना ठाऊक आहे, पाहुण्यांसाठी सांगितलं.

तर यादीत माझं असं काही सापडेना. मग इथे आल्यावर भिंतीवरचा तक्ता पाहिला. मार्च ते फेब्रुवारी असं वर्ष धरून प्रत्येक घराच्या दोन पट्ट्या आहेत, एक गेल्या वर्षीच्या विजेची, एक यंदाच्या. ज्या घराची वीज सगळ्यांत जास्त उतरली, त्याला सन्मान. आमची आधीची पट्टी सगळ्यांत उंच आहे, लाल. यंदाची सगळ्यांत बुटकी, हिरवी. अध्यक्षसाहेबांनी मानपत्र वाचलं, “उधळपट्टीकडून काटकसरीकडे झालेला हा प्रवास…” टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. मग लक्षात आलं, आपल्यासाठीच आहेत.

मंडळी, त्या लाल पट्टीत ऑक्सिजनचं मशीन आहे, चोवीस तास चालणारं. रोज बदलून वॉशिंग मशीनला लावलेल्या चादरी आहेत. तिला उकडायचं म्हणून एसी, आणि पाय गार पडायचे म्हणून त्याच खोलीत हीटर. हे दोन्ही एकदम चालू बघून ती कपाळाला हात लावायची, आणि ऑक्सिजनकडे बोट करून म्हणायची, “अहो, हे मशीन माझ्यापेक्षा जास्त खातंय!”

एकदा दुपारी माझा डोळा लागला. जाग आली तर खोलीत आवाजच नाही. हिने नळी काढून ठेवलेली, आणि काठीच्या टोकाने मशीनचं बटण बंद केलेलं. ओठ निळसर. मी बटण लावलं, नळी लावली आणि तिच्यावर ओरडलो. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, त्याआधी कधी ओरडलो नव्हतो.

ती म्हणाली, “दहाच मिनिटं हो. तुम्ही झोपता ना दुपारचे? त्यालाही झोपू द्या.”

मी म्हटलं, “या घरात आता वीज वाचवायची नाही. बास.” आणि त्यानंतर मी पॅसेजमधला दिवासुद्धा भर दुपारी चालू ठेवायला लागलो. का, ते सांगता येत नाही. म्हणजे उधळपट्टी थोडी होतीच, अध्यक्षसाहेब. तुमचं अगदीच चुकलं नाही.

पण मग हा सन्मान कशाचा? घरातलं एक माणूस कमी झालं की पट्टी बुटकी होते. मॅडम, तुम्ही जाणकार आहात. यातून लोकांना मी काय करायला सांगू?

मानचिन्ह घेऊ नये, असं खुर्चीत बसल्या बसल्या वाटलं. मग वाटलं, ही असती तर म्हणाली असती, “घ्या की, एवढ्या मायेने देतायत. प्लास्टिकचं नाही ना, तेवढं बघा.” बघितलं. लाकडाचं आहे. घेतो.

एक विनंती आहे. मानपत्रातला ‘उधळपट्टी’ हा शब्द तेवढा काढा. त्या वर्षी आमच्या घरात वीज वाया गेली नाही. आत्ताच मी थोडी गेली म्हणालो, ठाऊक आहे. तरीही काढा. त्या जागी काय लिहायचं ते मला सुचत नाही. जागा रिकामी ठेवलीत तरी चालेल.

सोसायटीचे, पाहुण्यांचे, आणि ज्यांनी त्या वर्षी आमच्या दारात न विचारता डबे आणून ठेवले त्या सगळ्यांचे मनापासून आभार. कुणाचा उल्लेख राहिला असेल, बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर बोलायची सवय नसलेला माणूस म्हणून पोटात घाला.

चहाला थांबत नाही, रागावू नका. वॉशिंग मशीन अर्धं लावायचं नाही, हा हिचा नियम. एकट्याच्या कपड्यांनी ते भरायला बारा-बारा दिवस लागतात. आज माझे शर्ट संपले आणि मशीन तर भरेना, तेव्हा कपाटातले हिचे दोन स्वेटर आणि एक गाऊन आत टाकला. धुतलेलेच होते. याला बचत म्हणायचं की काय, कळत नाही. ते लावून मी इकडे आलो. आत्तापर्यंत झालं असेल. जाऊन वाळत घालतो.