बोंबलांचं भांडण

माझी धाकटी बहीण चित्रा तुम्हाला फार समजूतदार वाटते ना, मग हे ऐका. शहाऐंशी-सत्त्याऐंशीची गोष्ट असेल. मे महिन्यात आम्ही दोघी मुलुंडहून वर्सोव्याला आजीकडे राहायला जायचो. मी आठ वर्षांची, ती पाचची. दिवसभर एकमेकींच्या झिंज्या उपटायचो आणि आजी येऊन सोडवायची.

एके सकाळी आजी-आजोबा बंदरावर निघाले. अंगणात दोरीवर बोंबील वाळत होते, पावसाळ्याची बेगमी. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकतात, हे चित्राला कुठे ठाऊक? "कावळ्यांवर लक्ष ठेवा गो," आजी म्हणाली. मी आत जाऊन झोपले.

दोघं परतली तेव्हा दोरी रिकामी होती. दोरीखाली बादली पालथी घातलेली, बोंबील वाळूत सुटे पडलेले आणि आळीतल्या मांजरी पंगतीला बसलेल्या.

"हे कोणी केलं?"

"मी," चित्रा ऐटीत म्हणाली. "ते सगळे एकमेकांना चावत होते, आजी. मी सोडवलं."

आजी मांजरींना हाकलायला धावली. आजोबांनी तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलत होते.

दुसऱ्या दिवशी चित्राने माझ्या दंडाचा कडकडून चावा घेतला. मी तिच्या झिंज्या धरल्या आणि ओरडले, "आजी, सोडव ना हिला."

आजोबा उठायला लागले. आजीने त्यांना हात धरून खाली बसवलं.

"राहू द्या. वाळल्या की काढू."