हॅरोफील्डची चौकशी

—नाही, त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो, इकडे बसा. तर तुम्हाला चौकशी करायचीय, वरच्या मजल्यावरच्या श्यामरावांच्या दत्तप्रसादची. करा की. मुलीच्या बापानं चौकशी करावीच. पण दत्तप्रसाद मला कितपत माहीत? लहानपणी जिन्यात धावायचा, एवढाच. तो राहतो ते गाव मात्र माहीत आहे, हॅरोफील्ड—माझा वरदही तिथेच असतो ना, दोन गल्ल्या सोडून—मी सहा महिने राहून आलेय. आणि पडले भूगोलाची शिक्षिका, जन्मभर मुलींकडून प्रदेशांची माहिती पाठ करून घेतली—तेव्हा गावाबद्दल विचारा, मुलाबद्दल नको. सून? हो, सूनही तिथेच. छान आहे. पंखा वाढवू का?

हॅरोफील्डला टाउनशिप म्हणतात, पण टाउनशिप म्हणजे तुमच्या वारज्याकडे बिल्डर बांधतो तसली नव्हे बरं का—गेट, वॉचमन, पोहायचा तलाव—तसलं काही नाही. आपली छोटीशी नगरपालिका समजा, न्यू जर्सीतली. वस्ती वीसेक हजार. एकेकाळी बटाट्याची शेतं होती, आता घरं पिकतात. रस्त्यांना झाडांची नावं—ओक, मेपल, चेस्टनट—रस्ते करताना जी पाडली त्यांचीच असावीत. लोक म्हणाल तर जुने इटालियन, पोलिश म्हातारे, थोडे चिनी, आणि नवे म्हणजे आपण—तेलुगू पुष्कळ, मग गुजराती, मग मराठी. दिसत मात्र कुणीच नाही. गाडी येते, गॅरेजचं दार आपोआप वर जातं, गाडी आत, दार खाली. शेजारी माणूस राहतो की नुसती गाडी, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. आजी-आजोबांची संख्या ऋतूप्रमाणे बदलते—एप्रिलात येतात, साडीखाली बूट घालून घोळक्यानं फिरतात, थंडी पडली की परत. गणपतीसुद्धा बसतो, शाळेच्या हॉलमध्ये, चतुर्थीनंतर लोकांच्या सोयीनं. हवा स्वच्छ, पाणी चोवीस तास—खडकवासल्यात किती उरलंय ते सकाळी पेपरात बघायला नको. हरणं दारात येऊन फुलं खातात, त्यांना कुणी हाकलत नाही. कपडे मात्र बाहेर वाळत घालायचे नाहीत, लगेच नोटीस येते. हरीण चालतं, परकर चालत नाही.

रहदारी? रहदारी काय, गाडी असेल तर माणूस, नसेल तर फर्निचर. फुटपाथच नाहीत. तुमची रुपाली काय चालवते? स्कूटर. स्कूटरचा तिथे काही उपयोग नाही हो. वल्लरीची बघा, एवढ्यात येईल ती कॉलेजातून, खाली दोन गाड्यांच्या फटीत अशी घालते की—

...हो. वल्लरी म्हणजे सूनच. हो, तिथे असते म्हणाले खरी मी. इथे असते. माझ्याकडे. आता तुम्ही काय ते समजा—नाही, समजू नका, भलतंच समजाल, त्यापेक्षा सांगतेच.

ती मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. लग्न करून तिथे गेली ती नवऱ्याच्या व्हिसावर, म्हणजे नोकरीला बंदी. ठीक आहे, सगळ्याच जातात तशा. गाडी शिकव म्हणाली की वरद म्हणायचा, या रविवारी. रविवारी लॉन कापायचं असायचं. वाईट बोलायचा का? छे. कधी आवाज चढवला नाही त्यानं, उलट काय हवं ते सांग, येताना आणतो, म्हणायचा. चार वर्षं ती काय हवं ते सांगत होती आणि तो येताना आणत होता. मी गेले तेव्हा एकदा कोथिंबीर संपली—म्हटलं, चल गं, जाऊन आणू. निघालो रस्त्याच्या कडेनं, गवतातून. थोडं पुढे गेलो तर मागून पोलिसाची गाडी. कुणीतरी फोन केला होता म्हणे, दोन बायका चालतायत. पोलीस अगदी सभ्य—हरवलात का, म्हणाला. वल्लरी म्हणाली, नाही, कोथिंबीर. त्यानं घरी आणून सोडलं. कोथिंबीर राहिली. संध्याकाळी वरद म्हणाला, आई, लोक काय म्हणतील? मी म्हटलं, कुठले लोक? मला तरी कुणी दिसले नव्हते. पण तो रागावला—माझ्यावर नाही हो, तिच्यावर—तुला घरात बसायला काय होतं, म्हणाला. आणि मी गप्प बसले. मुलगा पडला ना.

त्यानंतर ती दुपारची नाहीशी व्हायला लागली. घरातल्या घरात. एकदा शोधत गॅरेजमध्ये गेले तर वरदच्या जुन्या गाडीत बसलेली—दार लावून, पट्टा बांधून, दोन्ही हात स्टिअरिंगवर. गाडी बंद. काच वाजवली तर दचकली नाही की काही नाही. म्हटलं, कुठे निघालीस? मंडईत, म्हणाली. मग मी पलीकडून जाऊन शेजारी बसले. म्हटलं, लक्ष्मी रोडनं नको, अडकशील, बाजीराव रोडनं घे. तर तिनं खरंच हात दाखवला हो, आणि वळवलं. कितीतरी वेळ बसलो होतो दोघी. थंडी भयंकर. भाज्यांचे भाव ठरवले, नारळ वाजवून घेतले, आणि मग रडली ती. मी नाही रडले. मी पिशवी धरली होती.

परत आले ती तिला घेऊनच. वरद विमानतळावर म्हणाला, महिनाभर राहून ये. तिनं मान हलवली. दोन वर्षं होत आली. इथे आल्यावर पहिले काही दिवस नुसती चालायची—सारसबाग, पर्वती, टिळक रोड—काम नसताना, उन्हात. मी विचारलं नाही. मग कॉलेजात शिकवायला लागली. वरद फोन करतो, मला करतो, ती कशी आहे विचारतो. तिलाच विचार म्हटलं की लाइन खराब होते.

आता? आता तिला पीएच.डी.ला प्रवेश मिळालाय, ओहायोत. हो, अमेरिकाच, पण वेगळं राज्य, आणि स्वतःच्या व्हिसावर. गाडी शिकली इथे, घाम फुटला शिकवणाऱ्याला, पण शिकली. ऑगस्टात जाणार. जावंच. बॅग उघडून ठेवलीय आतल्या खोलीत, मी त्या खोलीत जात नाही सध्या. मला काय होतंय? एकटं राहायची सवय आहे मला, मोडली होती थोडी, पुन्हा लागेल. वरदला अजून माहीत नाही, मी सांगीन म्हणालीय, तिचं ती—

अरे देवा. तुम्ही इथून वर जाणार ना, श्यामरावांकडे? वर कळलं की दत्तप्रसादला कळणार, दत्तप्रसादला कळलं की वरदला. आणि मी इथे बसून—कोण कुठले तुम्ही, मला तुमचं आडनावसुद्धा नीट कळलं नाही.

मुलगा चांगला आहे का, एवढंच विचारायला आला होतात. चांगला आहे. वरदही चांगलाच आहे. तीच तर पंचाईत आहे. रुपालीला घेऊन आला असतात तर तिलाच सांगितलं असतं सगळं, तिनं ठरवलं असतं—पाठवता का तिला? एकटीला पाठवा. तुम्ही येऊ नका.

फाटक वाजलं. तीच असेल. नाही, थांबू नका, ओळख वगैरे नको. जिन्यात भेटली तर बाजूला व्हा, कोण कुणाकडे विचारलं तर श्यामरावांकडे म्हणा. आणि वर काही बोलू नका. बोलाल तुम्ही, पण नका बोलू. उठा आता. दार ओढून घ्या, कडी आपोआप लागते.