चाचीचं हिरवं बटन

मोबाईल आले म्हणून ते कॉम्प्युटरवरचं कॉलिंगचं ॲप बुडालं, हे मला सांगूच नको. मोबाईलवर ते बी आल्तंच की! त्याला बुडवलं विकत घेणाऱ्या कंपनीनं. जुन्या जालन्यात आमच्या शेजारच्या रुखसाना चाचीला विचार.

चाचीचा पोरगा इम्रान कुवेतला. दर शुक्रवारी नमाजनंतर चाची चांगली ओढणी घेऊन कॉम्प्युटरपुढं बसायची. वाचता येत न्हाई, पण कॉल उचलायचं हिरवं बटन कुठं हाय ते पाठ. मोठ्या कंपनीनं ॲप घेतलं आन् बटन जागा बदलायला लागलं. कधी नवा पासवर्ड मागायचं, कधी हापिसच्या मीटिंगा दाखवायचं. चाची भिंतीपलीकडून हाक मारायची, "बेटा, मेरा बटन फिर गुम!"

ईदला मी केदारखेड्याला गेल्तो. वापस आलो तर चाची तशीच बसलेली, पुढं शीरखुर्म्याच्या वाटीवर साय धरलेली. तिकडून इम्रान कॉल लावून राह्यला आन् इकडं पडद्यावर 'अपडेट होत आहे'.

मंग इम्राननंच वैतागून मोबाईलवर दुसरं ॲप घ्यायला लावलं. असे एकेक इम्रान निघून गेले आन् शेवटी कंपनीनं त्या ॲपला कुलूप लावलं.

परवा मी म्हणालो, "चाची, अब तो रोज कॉल आता. बटन भी नहीं हिलता."

"हौ," चाची म्हणाली. "पहले जुम्मे को एक बार आता था, मगर बैठता था. अब रोज आता, चलते-चलते."