शीड घरात आलं

माझ्या लेकीला, ज्ञानदाला, मुलगा झाला ते २०२२ साल. मी तिच्याकडे ओमानमध्ये, सीबला होतो. दवाखान्याच्या रांगेत माझ्या पुढे एक मालवणी जोडपं बसलं होतं. नवरा तिथल्या मालकाच्या, म्हणजे अर्बाबच्या, शिडाच्या बोटीची देखभाल करायचा.

“अहो, वादळ आलं की याही वर्षी अर्बाबच्या बोटीवर झोपायला जाणार?”

“नाही. शीड उतरवून गोदामात ठेवलंय.”

“तो तर म्हणत होता, गुंडाळून ठेवलं तरी चालेल.”

“वारा गुंडाळी सोडवतो, प्रेमा. मग बोट कोण धरणार? त्याला सांगितलं, आमच्याकडे पावसाआधी शीड घरात येतं.”

“मग?”

“मग म्हणाला, खलास, विषय संपला, जनार्दन, तुझ्या मनासारखं कर.”

“आणि दोर?”

“दुप्पट बांधलेत. घासतात तिथे जुना पाइप कापून चढवलाय.”

“तरी वारा सुटला की पळालच तुम्ही.”

“गेल्या वेळी शीड वर होतं. आता तिथे माझं काय काम?”

“शपथ घ्या.”

“तुझी?”

“माझी मोडता तुम्ही. बोटीची घ्या.”

“बरं, बोटीची.”

पुढे त्यांच्याशी घरोबा झाला. त्या वर्षी वारा सुटला तेव्हा जनार्दन घरीच होते. २०२४ च्या मे महिन्यात, गावी परतल्यावर, ते मालवणला आपल्या घरी झोपेत वारले.