वरून दोन ठोके

‘रविवार, नऊ फेब्रुवारी. ऊन स्वच्छ, सकाळी गार वारा, दुपारी पडला.’ — वहीतलं हे नका लिहून घेऊ, ही माझी सवय आहे, आधी तारीख आणि हवा. कृती पुढे आहे. बसा ना नीट, ती खुर्ची डुगडुगते, ही घ्या. तुमचा दादा मला ‘रजिस्टर’ म्हणायचा, सांगितलं होतं का त्याने? ‘रजिस्टर, आज शिंका किती आल्या, मांडल्यास का?’ — असा. पण बघा, आज आईला त्याच्या हातची असायची तशी कोंबडी करून घालायची म्हणून तुम्ही एवढ्या लांब आलात, तर कृती कुणाकडे सापडली? रजिस्टरकडेच. त्याने स्वतः कधी कागदावर एक अक्षर उतरवलं नाही, सगळं अंदाजपंचे.

तर घ्या. अख्खी कोंबडी, सव्वा किलोची. पुसून कोरडी करायची — अगदी कोरडी, यावर तो फार अडून बसायचा, ओली राहिली तर कातडी रबरासारखी होते म्हणे. मग सोया सॉस चार मोठे चमचे, व्हिनेगर एक, तिळाचं तेल एक, आठ लसूणपाकळ्या, अंगठ्याएवढं आलं, दोन सुक्या लाल मिरच्या. सगळं वाटून आतून-बाहेरून चोळायचं. हे सकाळी नऊला. बेकरीतून रात्रपाळी करून यायचा, डोळे तांबारलेले, तरी आधी कोंबडी चोळायचा आणि मग झोपायला जायचा. आमचा वायरमन — तो समोरच्या खोलीत राहतो, आता कामावर गेलाय — तो म्हणायचा, ‘एवढी मालीश माझ्या पाठीची केली असतीस तर मी भाडं तुझंही भरलं असतं.’ आणि नर्सबाई, त्या मागच्या खोलीतल्या, त्या म्हणायच्या, ‘तू गप्प कांदे चीर.’ असा आमचा रविवार. चौघं चार घरची, पण त्या दिवशी — जाऊ दे.

लिहिलंत? मध विसरलो. मध दोन चमचे, पण तो आत्ता नाही, तो शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत. आधी लावला की जळतो. मी एकदा जाळला होता. आठवडाभर ऐकवलं मला — ‘सगळं मिनिटावर लिहितोस आणि कोंबडीचा कोळसा करतोस.’ म्हणून त्या रविवारी मी ठरवलं होतं, घड्याळ समोर ठेवून करायचं. तो वर झोपलेला, ओव्हन माझ्या ताब्यात. म्हणून तर वेळा इतक्या पक्क्या आहेत. हं — ‘तीन वीस, कोंबडी आत, खाली कांद्याच्या चकत्या. तीन पंचेचाळीस, पहिल्यांदा सॉस फिरवला, ब्रशने. चार पाच, दुसऱ्यांदा. चार आठ, वरून दोन ठोके, मी एक दि—’

हे कृतीत नाही. हे असंच. तुम्ही पुढचं लिहा, चार पंचविसाला मध.

नाही, ठोके म्हणजे — आमची एक गंमत होती. ही वरची जमीन लाकडी आहे ना, त्याची खोली बरोब्बर या ओट्याच्या वर. त्याला जाग आली, भूक लागली, की पलंगावरूनच टाच आपटायचा. दोनदा. म्हणजे ‘झाली का?’ आणि आम्ही खालून झाडूच्या दांड्याने उत्तर द्यायचं. एक ठोका म्हणजे ‘नाही अजून’. दोन म्हणजे ‘ये’. दर रविवारी चालायचं. वायरमन तर मुद्दाम एक-एक ठोका देत बसायचा, याला तडफडवायला.

तर त्याने विचारलं, मी सांगितलं, नाही अजून. यात काय आहे? नर्सबाई मागे कपडे वाळत घालत होत्या, वायरमन लिंबं आणायला गेला होता. मी एकटाच होतो इथे. मी झाडू घेतला, एक ठोका दिला. मग — मग परत आले. चार बाराला. दोनच, पण हळू, दोन्हींमध्ये बरंच अंतर. मी म्हटलं, झोपेत असेल, आळसावलाय. हसलोसुद्धा मी. परत एक दिला.

पेन का खाली ठेवलंत?

हो, तुम्हाला फोनवर मीच सांगितलं, झोपेतच गेला, काही कळलं नाही त्याला. नर्सबाईंनी त्या संध्याकाळी विचारलं होतं — ‘आज ठोके दिले होते का रे त्याने?’ वीस वर्षं इमर्जन्सी वॉर्डात काढलेली बाई, पन्नास पावलांवर कपडे वाळत घालत होती, ताई. मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, दिले असते तर — आणि वाक्य अर्धंच सोडलं त्यांनी. मी इतर सगळं लिहितो, ते वाक्य नाही लिहिलं. पण ते आहे इथे, ओट्यापाशी उभा राहिलो की आहे. त्यानंतर आम्ही ओव्हन लावला नाही, तरी मी दर रविवारी चारला इथे येऊन बसतो. वहीत आहे, हे बघा — ‘चार आठ, ठोके नाहीत.’ ‘चार आठ, ठोके नाहीत.’ अकरा वेळा. गेल्या रविवारी आले. दोन. नर्सबाई म्हणतात लाकूड तापलं, आवाज करतं. मी धावत वर गेलो, चप्पल जिन्यातच राहिली. गादी गुंडाळलेली होती, खिडकी बंद होती. मी तरी विचारलं, काय हवंय? मोठ्याने विचारलं.

आईला नका सांगू. किंवा सांगा — मी कोण ठरवणार?

वही कशाला? माझं अक्षर लागणार नाही तुम्हाला. नको, हात नका लावू, मीच वाचतो. पुरं वाचतो, बसा. ‘चार पंचवीस, मध लावला. चार चाळीस, कोंबडी बाहेर, रंग चांगला, कुठेही जळली नाही. दहा मिनिटं झाकून. चार पन्नास, चार ताटं. वर दोन ठोके दिले, उत्तर नाही. चार बावन्न, वर गेलो. तो पलंगाशेजारी, जमिनीवर, पालथा, उजव्या हाताची मूठ वळलेली. पाच वीस, डॉक्टर आले. मृत्यू अंदाजे साडेचार वाजता.’